देवाच्या कोंडीतला मासा

तळेऱ्याच्या टपाल कचेरीतून तार करून गुरुदास परत आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जाऊन-येऊन आठ मैलांची पायपीट, एप्रिलचं ऊन आणि पायांत झिजलेल्या वहाणा. पण स्वारी इतकी खुशीत होती की शेवटचा उतार त्याने जवळजवळ धावतच उतरला. तारेत त्याने मोजून शब्द घातले होते : 'मासा मिळाला. जिवंत आहे. गुरुवारी यावे.' अंगणात शिरताच त्याने वहाणा भिरकावल्या आणि थेट पडवीच्या कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेला.

मडकं पालथं होतं. धुऊन, पुसून सुकत घातलेलं.

"काकी," त्याने आत हाक मारली, "ह्या मडक्यातलो मासो खंय गेलो?"

"खंय जातलो?" नर्मदाकाकी आतूनच म्हणाली. "तुझी तुकडी झाकून ठेवलंय. पाय धू आणि बस जेवूक."

गुरुदास पाय न धुताच मटकन खाली बसला.

त्याचं असं बसणं समजायला थोडं मागं जावं लागेल. गुरुदास मूळचा मालवणचा. घरातले सगळे दर्यावर्दी. हा एकटा शिकला आणि सरकारच्या मासे खात्यात हंगामी नोकरीला लागला. "दर्या सोडून व्हाळातले मासे मोजतंस?" असं त्याच्या बापाने विचारलं होतं आणि पुढे दोन दिवस तो कोणाशी बोलला नव्हता. पण काम खरोखर तेच होतं. खैरवडे गावचा व्हाळ, म्हणजे ओढा, डोंगरातून निघतो तिथपासून खाडीला मिळतो तिथपर्यंत चालत जायचं. कुठे किती खोल पाणी, तळाला दगड की वाळू की चिखल, काठाला सावली आहे की नाही, आणि कुठे कोणता मासा राहतो, ते सगळं नकाशावर मांडायचं. ज्या माशाला दुसरीकडे जागा नाही त्याची जागा सरकार राखणार होतं. सुरुंग लावायला बंदी, विषारी फळं कुटून टाकायला बंदी.

चार महिने गुरुदास दत्ताराम आणि नर्मदाकाकीच्या पडवीत राहत होता. गाव मायाळू होता, पण एका बाबतीत दगड. मासे कुठे मिळतात हे खैरवड्यात बाप मुलालाही सांगत नसे. गुरुदास ज्या दारात जाई तिथे एकच उत्तर मिळे, "आमच्या व्हाळात मासोच नाय रे!" आणि आतून माशाच्या कढीचा वास येत असे.

मग त्याने स्वतःच जाळं टाकायला सुरुवात केली. पद्धत ठरलेली होती. मासा धरायचा, मोजायचा, शेपटीला पांढरा दोरा बांधून त्यावर नंबराची चिठ्ठी अडकवायची, वहीत नोंद करायची. नोंद झालेला मासा नर्मदाकाकीच्या स्वाधीन. दोरा बांधलेला मासा म्हणजे सरकारचं काम संपलं, आता चुलीचं सुरू, हे काकीला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं.

आणि मग तो मासा दिसला. गावाच्या वरच्या अंगाला देवाची कोंड आहे. कोंड म्हणजे उन्हाळ्यातही न आटणारा खोल डोह. तिथे कोणी मासे धरत नाही, ते देवाचे. काठावर बसून वही लिहिताना गुरुदासला पाण्यात काहीतरी लाल चमकलं. वीतभर लांब, रुपेरी मासा, आणि गालापासून शेपटीपर्यंत कुंकवाचं बोट ओढावं तशी लाल रेघ. गावात त्याला मळवट्या म्हणत. साडेतीन महिन्यांत तो मासा त्याने दुसऱ्या कुठल्याही पाण्यात पाहिला नव्हता. पुस्तकांतही नव्हता. त्या संध्याकाळी तो जेवला नाही, नुसताच हसत बसला होता.

साहेबांना लिहिलं तर उलट टपाली उत्तर आलं : 'जिवंत मासा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नकाशावरचा कोंडीचा ठिपका मंजूर होणार नाही.' घाई तर होतीच. रस्त्याच्या कामावरच्या परगावच्या माणसांनी खालच्या अंगाच्या दोन कोंडी सुरुंगाने उडवल्या होत्या. पाणी वर उडालं, मासे पांढरे पोट करून तरंगले, आणि त्या दिवसापासून त्या कोंडींत बेडूकसुद्धा नव्हता. तिसरी पाळी देवाच्या कोंडीची होती. त्या माणसांचा देव निराळा होता.

देवस्थानचे मानकरी हरिश्चंद्रबाबा. त्यांच्या हातापाया पडून गुरुदासने एका माशाची परवानगी मिळवली होती.

"एकच," बाबांनी बजावलं होतं. "जितो न्हेवचो, सायबाक दाखवचो आणि जितोच परत सोडूचो. तेका काय झालां तर देव माका इचारतलो, तुका नाय."

मंगळवारी सकाळी तो एक मासा धरला, मडक्यात आणला. आणि आनंदाच्या भरात, हाताला चार महिन्यांची सवय म्हणून, गुरुदासने त्याला मोजला, शेपटीला दोरा बांधला, आणि मग तो परत मडक्यात सोडून तारेला पळाला.

"दोरो बांधलेलो होतो मरे!" नर्मदाकाकी आता पडवीत येऊन कपाळाला हात लावून उभी होती. "दोरो नसतो तर मी हात तरी लावलंय असतंय? शिरा पडो माझ्या हातार!"

"पाण्यात ठेवलेलो होतो ना गो काकी! जितो होतो!"

"म्हणान तर! माका वाटलां, ताजो रवाक व्हयो म्हणान पाण्यात ठेवलंस. माका किती कौतुक वाटलां तुझां!"

दत्ताराम झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. तीस वर्षं बोटीवर खलाशी म्हणून काढल्यामुळे तो सहसा कशानेच हलत नसे. तो म्हणाला, "जां झालां तां झालां. मासो बरो होतो मात्र."

"तुमी गप रवा!" काकी ओरडली. मग एकदम तिने तोंडावर पदर धरला. "अरे देवा. हरिश्चंद्रबाबा!"

"तेंचां काय?" गुरुदासने विचारलं.

"जेवूक होते. परवानगी दिल्यानी म्हणान ह्यांनीच बोलावलेले. पाहुण्याक डोक्यां वाढलंय मी. दोनदा सार मागून घेतल्यानी."

तिघंही वळून ओटीकडे पाहू लागले. ओटीवर चटईवर हरिश्चंद्रबाबा, देवस्थानचे मानकरी, देवाच्या माशाचं डोकं पोटात घेऊन गाढ झोपले होते.

पुढचा अर्धा तास कुजबुजत गेला. बाबांना खरं सांगावं, तर मानकऱ्यानेच देवाचा मासा खाल्ला असं होणार, आणि मग सबंध गावात कोणी कोंडीला बोट लावू देणार नाही. दुसरा मासा धरावा, तर एकच म्हणून शब्द दिलेला. साहेबांना दुसरी तार करावी, तर तीत लिहायचं काय? 'मासा खाल्ला. येऊ नये.'

"आणि माझां काय?" काकीचे डोळे भरून आले. "मी मेलंय तरी लोक म्हणतले, तीच ती नर्मदा, देवाचो मासो रांदलेली."

गुरुदासला तिची कीव आली. स्वतःची तर आधीच आली होती. "उद्या सगळो व्हाळ परत बघतंय," तो म्हणाला. "खंय ना खंय एक तरी गावतलो."

ठरलं ते इतकंच, की ह्यातला शब्द बाहेर फुटू द्यायचा नाही. नर्मदाकाकीने तो फुटू दिला नाही. फक्त पाणी आणायला गेली तेव्हा शेवंतीने "डोळे कित्याक गो लाल?" असं विचारलं, म्हणून तिला तेवढं सांगितलं, आणि कोणाक सांगू नको म्हणूनही सांगितलं. शेवंतीनेही तसंच बजावून धोंडूच्या बायकोला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत गावातल्या प्रत्येकाला ती गोष्ट कोणाला न सांगण्याची ताकीद मिळाली होती.

बुधवारी पहाटेपासून गुरुदास व्हाळात होता. दगड उलटले, मुळ्यांखाली हात घातला, शेवाळात जाळं फिरवलं. मळवट्या सोडाच, त्याची सावलीही दिसली नाही. उन्हं कलताना तो कमरेपर्यंत भिजून, मान खाली घालून परत आला. अंगणात धोंडू बसला होता. शेजारी कळशी.

"बघ तर," धोंडू दुसरीकडेच बघत म्हणाला.

गुरुदासने वाकून पाहिलं. कळशीत लाल रेघ ओढलेला मासा गोल गोल फिरत होता.

"धोंडूदादा! खंय गावलो?"

"आमच्या शेताखाली डबको आसा, थंय."

"पण चार म्हयने तू माका सांगी होतंस, थंय कायच नाय म्हणान!"

"तेव्हा तू सरकारी होतंस."

"आणि आता?"

"आता तू अडचणीत आसस," धोंडू म्हणाला आणि कळशी रिकामी व्हायची वाट न पाहता निघून गेला.

गुरुदासने वही काढली तोच शेवंती आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातात पितळी डबा. "खंयसून म्हणान इचारू नको," ती दुरूनच म्हणाली. "आणि इचारलंसच तर लिही, मांगराखालचो पाणवठो. आणि त्या नर्मदेक सांग, रडा नको म्हणान. काल शीतय गिळलेलां नाय तिना."

तिच्या मागून सुतार आला, त्याच्या मागून शिंपी, मग वरच्या वाडीच्या दोघी जावा एकाच घागरीत दोन मासे घेऊन. घरटी एक जागा बाहेर येऊ लागली. हा म्हणाला चिंचेखाली, तो म्हणाला साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, खांबापाशी, आणखी कोणी म्हणालं थोरल्या दगडामागे. चार महिने जो गाव ओठ शिवून बसला होता तो आज भडाभडा बोलत होता! गुरुदासने पडवीत नकाशा पसरला आणि निळ्या शाईने ठिपके द्यायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, आठ. मळवट्याच्या नकाशावर इतके दिवस देवाच्या कोंडीचा एकच ठिपका होता, तिथे आता निळी नक्षी उठू लागली.

खरं म्हणजे दोन-तीन गोष्टी त्याच्या लक्षात यायला हव्या होत्या. आणणारे एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते. दुपारी सगळा गाव झोपतो, त्या दिवशी एकही घर झोपलं नव्हतं. आणि धोंडूच्या डबक्यात फेब्रुवारीत त्याने स्वतः चार बोटं पाणी मोजलं होतं. पण माणसाला जे हवं असतं ते समोर आलं की तो मोजमाप विसरतो. गुरुदाससारखा मोजमापाचा पगार घेणाराही.

सगळ्यात शेवटी हरिश्चंद्रबाबा आले. उपरण्याखाली देवळातला तांब्याचा कलश.

"मी काय इचारूचंय नाय," ते म्हणाले, "तुमी काय सांगा नकात. ह्यो मासो ठेवा."

काकीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, तुमका कोणी सांगलां?"

"सांगूक कोण कित्याक व्हयो? डोक्यां खाताना गालार तांबडी रेघ दिसली, आणि सारात सुटललो शेपटीचो दोरो दातात इलो. नंबर साठ." बाबांनी आवाज खाली आणला. "गिळलंय गुपचूप. मानकरीच देवाचो मासो खातलो तर गावान बघूचां कोणाकडे?"

"पण ह्यो मासो खंयसून हाडल्यात?" दत्तारामने विचारलं.

"मेव्हण्याच्या गावातसून."

"तेंच्याकडे व्हाळ खंय आसा?"

"विहीर आसा," बाबा म्हणाले आणि तरातरा चालू लागले.

गुरुदासने तोही ठिपका दिला. अकरावा.

गुरुवारी दहाच्या सुमारास साहेब आले. पुण्याकडचे, सडपातळ, हातात छत्री, खिशात दोन पेनं. बैलगाडीतून उतरले ते थेट पडवीत. तिथे घागरी, कळश्या, डबे आणि देवळातला कलश असं सगळं ओळीनं मांडलेलं होतं आणि अंगणात सगळा गाव उभा होता.

"तारेत एक मासा होता," साहेब म्हणाले.

"होय साहेब! आता अकरा आहेत!" गुरुदासचा आवाज आनंदाने चिरकला.

साहेबांनी प्रत्येक भांड्यात वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "सुंदर," ते म्हणाले. "फारच सुंदर." मग त्यांनी नकाशा उलगडला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "उत्तम काम केलंत. म्हणजे हा मासा या ओढ्यात सगळीकडे आहे तर."

"होय साहेब! सगळीकडे!"

"मग प्रश्नच मिटला. सगळीकडे असलेल्या माशाला संरक्षण कशाला हवं? देवाच्या कोंडीचा प्रस्ताव आपण रद्द करू."

गुरुदासच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, त्याच्यामागचा माणूस मात्र खचला. काल दिवसभर ज्या आनंदात त्याने एकेक ठिपका दिला होता, त्याच ठिपक्यांनी कोंड सुरुंगवाल्यांच्या हवाली केली होती. त्याने गावाकडे पाहिलं. गाव पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"शेरा मारण्यापूर्वी मी चार जागा स्वतः पाहीन," साहेब म्हणाले. "माझा तसा नियम आहे. चला, पहिली कोणाची?"

धोंडूची होती. वरात निघाली. पुढे साहेब छत्री उघडून, मागे नकाशा छातीशी धरलेला गुरुदास, त्याच्यामागे सगळा गाव. धोंडूच्या डबक्यात एक म्हैस बसली होती. ती बसल्यावर पाण्याला जागा उरली नव्हती.

"मासा कुठे होता?" साहेबांनी विचारलं.

धोंडूने म्हशीकडे पाहिलं. "हिच्या खाली."

शेवंतीच्या मांगराखालच्या, म्हणजे शेतघराखालच्या, पाणवठ्यावर पाणी नव्हतंच. तिथे कोणीतरी कोकमाची सोलं वाळत घातली होती. साकवाच्या खांबापाशी दोन शेरडं बांधलेली होती आणि ती ओढ्याच्या तळात उगवलेलं गवत खात होती. थोरला दगड होता. त्याच्या मागे आणखी एक दगड होता.

साहेबांनी छत्री मिटली. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. "हे अकरा मासे," ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आकाशातून पडले का? पुढची जागा कुठली? विहीर? मेव्हण्याच्या गावची?"

"चार मैल," हरिश्चंद्रबाबा पुटपुटले.

"गुरुदास, तुम्ही ही नोंद डोळ्यांनी पाहून केलीत?"

"नाही साहेब," गुरुदास म्हणाला. "मला खरं वाटलं. म्हणजे, मला ते खरं हवं होतं."

"मग हा नकाशा खोटा आहे. सगळाच. देवाच्या कोंडीचा तो एक ठिपकासुद्धा." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा!" शेवंती एकदम पुढे आली. पदर खोचलेला, हात कमरेवर. "तेका कित्याक बोलतास? पोरगो खोटां बोलणारो नाय. मी बोलतंय खोटां. माझो मासो देवाच्या कोंडीतलो. काल दुपारी हाडलंय."

मग धोंडू तिच्यावर उसळला. "तू देवाच्या कोंडीत गेललंस? तुका लाज नाय?"

"तुझो खंयचो रे मेल्या? म्हशीखालचो?"

धोंडूने पायाने एक खडा उडवला. "मी सकाळीच गेललंय," तो म्हणाला. "तुझ्या आधी."

"म्हणान काठार पावलां होती तर!" सुतार म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

मग बांध फुटल्यासारखं झालं. शिंपी अकरा वाजता गेला होता. जावा बाराला, परतताना त्यांना करवंदीच्या जाळीमागे कोणीतरी लपलेलं दिसलं होतं, तो शिंपी. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानेच देवाचा शब्द मोडलाय, तोही नर्मदेसाठी. अकरा जणं पाळीपाळीने एकाच कोंडीत उतरली होती आणि येताना अकरा जागा रचत आली होती. सगळे हरिश्चंद्रबाबांकडे वळले.

"माझ्याकडे काय बघतास?" बाबा म्हणाले. "मेव्हण्याची विहीर गेल्या वरसाच बुजली."

नर्मदाकाकी रडत रडत हसायला लागली. साहेबांना मात्र हसू आलं नाही. "सकाळी तुम्ही सगळ्यांनी अकरा जागा सांगितल्यात," ते म्हणाले. "आता सगळे एकच जागा सांगताय. सकाळचं खोटं, तर आत्ताचं खरं कशावरून? मी कागदावर काय लिहू?"

गुरुदासने नकाशाची गुंडाळी केली. मग हरिश्चंद्रबाबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"सायबानू," ते म्हणाले, "सकाळी आमी तुमच्याकडे बोल्लंव. तुमच्याकडे खोटां बोललां तर काय होता? कायच नाय. चला कोंडीर. मी गाऱ्हाणां घालतंय. देवासमोर ह्या गावात कोण खोटां बोलणा नाय. तां लिवा."

घागरी-कळश्या उचलून वरात देवाच्या कोंडीवर आली. पाणी काळंभोर, गार. वर वडाची सावली. बाबा पाण्याकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. गाव मागे दाटीवाटीने. साहेब एका दगडावर बसले आणि त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवला.

"बा देवा म्हाराजा!" बाबांचा आवाज डोंगराला लागून परत आला.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"आज ह्यो तुझो गाव चूक पदरात घेवन तुझ्या पायाकडे उभो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तू एक मासो दिलंस. आमी वरती अकरा काढलंव. धोंड्यान काढल्यान!"

"व्हय म्हाराजा," धोंडू एकटाच बारीक आवाजात म्हणाला.

"शेवंतीन काढल्यान!"

"व्हय म्हाराजा!" शेवंती ठणकावून म्हणाली.

एकेकाचं नाव येत गेलं, एकेकजण कबूल होत गेला. साहेब भराभर लिहीत होते. एखादा शब्द अडला की गुरुदास त्यांच्या कानाशी लागून शुद्ध मराठी सांगे.

"आणि जो पयलो मासो, तो नर्मदान रांदल्यान. दोरो बघून रांदल्यान. तिचो दोष नाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. काकीने डोळे पुसले.

"आणि तेचां डोक्यां," बाबांनी उपरणं सावरलं. "तेचां डोक्यां ह्या तुझ्या मानकऱ्यान खाल्ल्यान. दोनदा सार मागून घेतल्यान!"

"व्हय म्हाराजा!" इतका मोठा गजर झाला की वडावरचे पक्षी उडाले.

"तर म्हाराजा, झाली चूक पोटात घे. ही कोंड सुरुंगवाल्यांपासून राख. आणि आमच्यापासूनय राख!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी साहेबही म्हणाले. नकळत म्हणाले असावेत, कारण नंतर ते एकदम खोकले.

मासे एकेक करून पाण्यात सोडले गेले. लाल रेघा क्षणभर चमकत, मग खोल जात. गुरुदास काठावर पालथा पडून मोजत होता. "आणखी आठ दिसतायत साहेब," तो ओरडला. "एकूण एकोणीस!"

"एकोणीसपैकी अकरा एका दिवसात," साहेब हळूच म्हणाले. "आणि ते प्रेमापोटी. सुरुंग हवाच कशाला?"

त्यांनी खिशातून पातं काढलं आणि स्वतःच्या हाताने नकाशावरचे अकराही ठिपके खरवडले. बारावा, देवाच्या कोंडीचा, राहिला. त्याच्याभोवती त्यांनी लाल शाईचं वर्तुळ काढलं, खाली सही केली. जबानीखाली अकरा साक्षीदारांची नावं लिहायला घेतली तेव्हा हरिश्चंद्रबाबांनी त्यांचा हात धरला.

"पयलो साक्षी देव. मगे आमी."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने लिहिलं : '१. श्री देव रवळनाथ.' बाकीच्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. गुरुदास त्या दुपारी तीन पानं भात जेवला.

पण सरकारी कागद सहजासहजी पुढे सरकत नाही. मेअखेर रस्त्याच्या कामावरची दोन माणसं कोंडीची खोली बघून गेली, आणि त्याच आठवड्यात वरच्या कचेरीतून सगळी फाईल परत आली. बंदीचा हुकूम अडला होता. समासात तांबडा शेरा होता : 'साक्षीदार क्र. १ यांची सही अगर अंगठा नाही. घेऊन पाठवावा.'

गुरुदास ती फाईल छातीशी धरून खैरवड्याला आला, आणि हरिश्चंद्रबाबांसमोर रडकुंडीला येऊन बसला. बाबांनी शेरा दोनदा वाचून घेतला.

"बराबर आसा," ते म्हणाले. "सही व्हयीच."

"अहो बाबा, देवाची सही कशी घेवची?"

"कौल लावया."

गाव देवळात जमला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या; आधी उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. बाबांनी विचारलं, "म्हाराजा, जबानी खरी असात तर उजवो कौल दी." नर्मदाकाकीने शेवंतीचा हात इतका घट्ट धरला की दोन बांगड्या पिचल्या. मग उजव्या खांद्यावरची लाल पाकळी सुटली आणि अलगद खाली आली. बाबांनी ती उचलली, आणि क्रमांक एकच्या पुढच्या रकान्यात, भाताच्या शिताने, नीट चिकटवली.

गुरुदासने फाईल पाठवली खरी, पण नोकरी गेली असं समजून त्याने ट्रंक भरून ठेवली. पंधरा दिवसांनी बंदीचा हुकूम आला. सोबत फाईल होती. वाळून काळपट झालेल्या त्या पाकळीशेजारी, वळणदार अक्षरात, कोणा कारकुनाने लिहिलं होतं : 'सही अस्पष्ट, परंतु उजव्या बाजूची आहे. ग्राह्य.'

तो कारकून कुठल्या मुलखातला, हे गुरुदासला कोणाला विचारावं लागलं नाही.